मायक्रो थिअरी वाचायची कशी: कच्ची वही, लाल पेन आणि देवळातली पावणी

बी.ए.ला मायक्रोत, म्हणजे सूक्ष्म अर्थशास्त्रात, चांगले मार्क पडलेली मुलं एम.ए.च्या पहिल्याच सेमिस्टरला गांगरतात आणि समजतात की आपलं गणित कच्चं आहे. गणित कच्चं असतंच, पण ते दोनेक महिन्यांत भरून निघतं. खरी अडचण निराळी असते. बी.ए.ला प्रश्न असा येतो: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी, तर बांगड्याच्या भावाचं काय होईल? पुरवठ्याची रेषा डावीकडे सरकवायची, भाव चढला म्हणायचं, पाच मार्क. एम.ए.ला भावाचं कोणी विचारत नाही. विचारतात ते असं: मागणीची रेषा उतरती असते हे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता? माणसाबद्दल नेमकं काय काय मानलं की ती उतरती निघते? आणि त्यातलं एक मानणं काढून घेतलं तर काय मोडतं, काय टिकतं?

या विषयाचा अभ्यास म्हणजे गृहीतकांचा अभ्यास. थिअरम पाठ करण्यात अर्थ नाही. त्याची गृहीतकं एकेक करून काढायची आणि कुठली काढल्यावर इमला कोसळतो ते बघायचं. खाली जे काही सांगते आहे ते एवढ्या एका सवयीसाठी.

मी गोव्यातल्या एका कॉलेजात बी.ए.च्या वर्गांना शिकवते. रविवारी पणजीत पाटोवर, कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात, एम.ए. करणाऱ्या नाहीतर पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या चार-पाच जणांबरोबर बसते. बहुतेकांची चौथीपर्यंतची शाळा माझ्यासारखीच गावातली मराठी शाळा, पुढचं सगळं इंग्रजीत. म्हणून हे मराठीत लिहिते आहे.

आधी गणित, पण बेताचं

मे महिना त्यासाठी पुरतो, जून धरला तर उरतो. काय हवं ते मोजकं आहे: उघडे आणि बंद संच, कॉम्पॅक्ट म्हणजे काय, सातत्य, कमाल बिंदू असतोच याची हमी देणारा वायरस्ट्रासचा थिअरम. मग कॉन्व्हेक्स संच, कॉन्केव्ह आणि क्वाझिकॉन्केव्ह फलनांतला फरक, लाग्रांज, कून-टकर (चिन्हांसकट; अर्धी मुलं चिन्हातच मार खातात), इम्प्लिसिट फंक्शन थिअरम आणि एन्व्हलप थिअरम. दोन कॉन्व्हेक्स संचांना वेगळं करणारं सपाट प्रतल, म्हणजे सेपरेटिंग हायपरप्लेन, चित्र काढून समजलं तरी सुरुवातीला चालेल. फिक्स्ड पॉइंट थिअरम जनरल इक्विलिब्रियमपर्यंत हातात घेऊ नका. मेझर थिअरी तर विसराच. गणिताचं एक जाडजूड पुस्तक घेऊन 'पूर्ण पाया पक्का करते, मग मायक्रो' म्हणणारी मुलं दिवाळीपर्यंत पायातच असतात.

एन्व्हलप थिअरमवर मात्र चार दिवस जास्त घाला. शेफर्ड, रॉय, हॉटेलिंग अशी तीन वेगवेगळी नावं पुढे भेटतात आणि तिन्हींच्या मागे तोच एक थिअरम उभा असतो. तो पक्का असेल तर तीन सूत्रं पाठ करायची राहत नाहीत, एकच कल्पना तीनदा वापरायची उरते.

पुस्तकं

मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन यांचं १९९५ चं पुस्तक टाळता येत नाही. हजाराला टेकलेली पानं, २३ प्रकरणं, शेवटी गणिताचं परिशिष्ट. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचायचं ते पुस्तकच नव्हे. पहिली तीन प्रकरणं नीट, मग उत्पादनाचं पाचवं, अनिश्चिततेचं सहावं. सात ते नऊ गेम थिअरी. त्यानंतर मी सरळ तेरा आणि चौदावर उडी मारायला सांगते, कारण माहितीच्या विषमतेची ती दोन प्रकरणं वाचली की मुलांना वाटतं, अरे, या विषयात आपल्या ओळखीचं जगही आहे. दहा-अकरा त्यानंतर, आणि मग पंधरा-सोळा. सरावाच्या प्रत्येक प्रश्नावर ए, बी, सी अशी खूण असते, सोप्यापासून अवघडाकडे. 'ए' सगळे सोडवा, 'बी' निवडून सोडवा, 'सी' एखाद्या पावसाळी रविवारी.

व्हॅरियनचं 'मायक्रोइकॉनॉमिक अ‍ॅनॅलिसिस', १९९२ ची तिसरी आवृत्ती, बारीक आहे आणि डुअ‍ॅलिटी (समाधान वाढवणं आणि खर्च कमी करणं ही एकाच प्रश्नाची दोन रूपं) त्यातून पटकन कळते. जेली आणि रेनी यांचं पुस्तक या दोघांच्या मधलं. ज्यांना मास-कोलेल फारच कोरडं वाटतं त्यांनी तिथून सुरुवात केली तर कमीपणा नाही. क्रेप्स बोलका आहे, पण परीक्षा जवळ आली की त्याचं बोलणं लांबट वाटू लागतं. आणि एरियल रुबिन्स्टाइन यांच्या लेक्चर नोट्स त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पसंती म्हणजे काय, निवड म्हणजे काय, हे इतक्या स्वच्छपणे मांडलेलं मला दुसरीकडे सापडलं नाही. एक मुख्य, एक जोडीला. तिसरं उघडलं की वाचण्यापेक्षा तुलनाच जास्त होते.

उत्तरांची पीडीएफ तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली असणारच. ती डिलीट करा असं सांगून कोणी ऐकत नाही. म्हणून एवढंच: प्रश्नावर निदान एक संध्याकाळ स्वतः बसल्याशिवाय ती उघडू नका, आणि उघडल्यावर फक्त पहिली ओळ वाचून बंद करा. पुढचं बहुतेक वेळा स्वतःचं स्वतः सुटतं.

एक पान कसं वाचायचं

दोन वह्या हव्यात. कच्च्या वहीत खोडायचं, चित्रं काढायची, मराठी-कोंकणी-इंग्रजी जे सुचेल त्यात लिहायचं. पक्क्या वहीत फक्त पूर्ण झालेली प्रूफं. पुस्तकातला थिअरम वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि गृहीतकं कच्च्या वहीत एकाखाली एक लिहायची. मग प्रूफ स्वतः लिहायला घ्यायचं. अडलात तर एक ओळ बघायची. लिहून झालं की लाल पेन घ्यायचं आणि प्रत्येक गृहीतक प्रूफात नेमकं कुठल्या ओळीत वापरलं त्या ओळीखाली रेघ मारायची. एखाद्या गृहीतकाला रेघच मिळाली नाही तर दोनच शक्यता आहेत: तुमच्या प्रूफात भोक आहे, किंवा ते गृहीतक लागतच नाही. पुष्कळदा पहिली खरी असते. दुसरी असेल तर तुम्ही खरोखर काहीतरी शिकलात.

रिव्हील्ड प्रेफरन्सवर हे करून बघू. सॅम्युएल्सननं १९३८ साली मांडलेली कल्पना अशी की माणसाच्या मनात काय आहे ते विचारू नका, त्यानं काय विकत घेतलं ते बघा. वीक अ‍ॅक्सिअम म्हणतं: ज्या दिवशी तुम्ही 'अ' टोपली घेतली त्या दिवशी वेगळी 'ब' टोपलीही परवडत होती, तर ज्या दिवशी तुम्ही 'ब' घेता त्या दिवशी 'अ' परवडत असता कामा नये.

आता म्हापशाचा बाजार. एका मोठ्या घरातली खरेदी धरा. पहिल्या शुक्रवारी बांगडे २०० रुपये किलो, सुंगटं (कोळंबी) ४०० रुपये किलो. घेतले ४ किलो बांगडे, १ किलो सुंगटं. खर्च १२०० रुपये. पुढच्या शुक्रवारी बांगडे १००, सुंगटं ६००. घेतला १ किलो बांगडा आणि २ किलो सुंगटं, खर्च १३००. आकडे मी बसवलेले आहेत, भाव विचारू नका. तपासा. दुसरी टोपली पहिल्या शुक्रवारच्या भावानं १००० ला पडते, म्हणजे तेव्हा परवडत होती. पहिली टोपली दुसऱ्या शुक्रवारच्या भावानं १००० ला पडते, म्हणजे तीही परवडत होती. अ‍ॅक्सिअम मोडलं. बांगडा स्वस्त झाला, सुंगटं महागली, आणि घरात बांगडा कमी, सुंगटं जास्त.

इथं दहापैकी आठ मुलं लिहितात: ग्राहक अविवेकी आहे. मी विचारते, दुसऱ्या शुक्रवारी मुंबईहून पाहुणे आले असतील तर? म्हणजे दोन्ही वेळा आवड तीच राहिली हे आपण न बोलता धरून चाललो होतो. किंवा पहिल्या शुक्रवारी बाजाराला बाबा गेले आणि दुसऱ्या शुक्रवारी आई, तर? दोघांचं वागणं वेगवेगळं पाहिलं तर प्रत्येकाचं अगदी सुसंगत निघेल, पण 'घर' नावाच्या एका ग्राहकाचं म्हणून एकत्र मांडलं की अ‍ॅक्सिअम मोडू शकतं. मास-कोलेलमधलं चौथं प्रकरण, एकूण मागणीचं, याच दारातून सुरू होतं. पाहुण्यांचा प्रश्न ज्यानं स्वतः काढला त्याला ते प्रकरण परकं वाटत नाही.

तिथंच थांबू नका, आकडा हलवा. दुसऱ्या शुक्रवारी सुंगटं ६०० च राहिली, टोपल्याही त्याच राहिल्या, तर बांगड्याचा भाव किती असता म्हणजे अ‍ॅक्सिअम मोडलं नसतं? पहिल्या टोपलीचा खर्च दुसरीपेक्षा जास्त व्हायला हवा, असं मांडलं की उत्तर येतं: २०० रुपयांच्या वर. मग पुढचा प्रश्न: वीक अ‍ॅक्सिअम पाळणाऱ्या प्रत्येकाच्या मागे एखादं युटिलिटी फंक्शन, म्हणजे समाधानाला आकडा देणारं सूत्र, असतं का? दोनच वस्तू असतील तर निभावतं. तीन झाल्या की अ पेक्षा ब, ब पेक्षा क, क पेक्षा पुन्हा अ असं चक्र तयार होऊ शकतं आणि वीक अ‍ॅक्सिअमला ते दिसत नाही. म्हणून हाउथॅकरला १९५० साली स्ट्राँग अ‍ॅक्सिअम आणावं लागलं. अशा क्रमानं आलात तर 'स्ट्राँग' का लागतं ते लक्षात ठेवावं लागत नाही.

एक फलन जन्मभर पुरतं

डुअ‍ॅलिटीत मुलं अक्षरांत हरवतात. वालरासियन मागणी (ठरलेल्या उत्पन्नातली), हिक्सियन मागणी (ठरलेल्या समाधानासाठीची), इनडायरेक्ट युटिलिटी (त्या उत्पन्नात मिळणारं समाधान), एक्स्पेंडिचर फंक्शन (त्या समाधानाला लागणारा खर्च), आणि त्यांना जोडणारे बाण. माझा उपाय म्हणजे कॉब-डग्लस नावाचं साधं युटिलिटी फंक्शन घ्या, साधे आकडे घाला, आणि चारही एकदा हातानं काढा.

युटिलिटी म्हणजे दोन वस्तूंच्या नगांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. उत्पन्न १००, पहिल्या वस्तूचा भाव १, दुसरीचा ४. या फलनात अर्धं उत्पन्न एकीवर, अर्धं दुसरीवर जातं, म्हणून ५० नग आणि साडेबारा नग. गुणाकार ६२५, युटिलिटी २५. आता पहिलीचा भाव १ वरून ४ करा. साडेबारा आणि साडेबारा. युटिलिटी निम्म्यावर, साडेबारा.

या माणसाचं नुकसान किती झालं? नव्या भावाला त्याला पुन्हा २५ वर न्यायचं तर दोन्ही वस्तूंचे २५-२५ नग लागतात, खर्च २००. म्हणजे वर १०० द्यावे लागतील. हे कॉम्पेन्सेटिंग व्हेरिएशन. उलट बाजूनं विचारा: भाव वाढूच नये म्हणून तो किती सोडायला तयार होईल? जुन्या भावाला साडेबारा युटिलिटी ५० रुपयांत मिळते, म्हणजे तो ५० सोडेल. हे इक्विव्हॅलंट व्हेरिएशन. आणि बी.ए.त शिकलेलं ग्राहकाचं आधिक्य, म्हणजे मागणी वक्राच्या डावीकडचं क्षेत्रफळ? ५० गुणिले ४ चा नॅचरल लॉग, सुमारे ६९.३. एकाच भाववाढीला १००, ५० आणि ६९.३ अशी तीन उत्तरं. तिन्ही बरोबर आहेत.

वर्गात हे फळ्यावर आलं की शांतता पसरते. मग कोणीतरी विचारतं, मग खरं कुठलं? तेव्हा गृहीतक काढण्याचा खेळ सुरू करायचा. पहिल्या वस्तूवर उत्पन्नाचा परिणामच होत नाही असं फलन घ्या, क्वाझिलिनिअर, आणि तिन्ही पुन्हा काढा. एकच उत्तर येतं. म्हणजे फरक कुठून येत होता ते कळलं.

भाववाढीचा परिणाम बदली आणि उत्पन्न अशा दोन भागांत तोडणारं स्लट्स्कीचं सूत्रही याच कागदावर आहे. भाव वाढल्यावर मागणी ५० वरून साडेबारावर आली. माणसाला जुन्या युटिलिटीवर धरून ठेवलं असतं तर २५ वर थांबली असती. म्हणून ५० ते २५ ही बदलीची घसरण, २५ ते साडेबारा ही उत्पन्नाची. आता सूत्राचं प्रूफ करा, ते तीन ओळींचं आहे: हिक्सियन मागणी म्हणजे नेमका तेवढाच खर्च हातात दिल्यावरची वालरासियन मागणी. दोन्ही बाजूंचं भावानुसार डिफरन्सिएशन करा. खर्चाचं भावानुसार डिफरन्सिएशन म्हणजे मागणीच, हा शेफर्ड, तो तिथं घाला. झालं. स्लट्स्कीनं हे १९१५ साली इटालियन नियतकालिकात लिहिलं आणि बरीच वर्षं फारसं कोणाच्या नजरेला पडलं नव्हतं. हिक्स आणि अ‍ॅलन त्याच जागी स्वतंत्रपणे पोचले.

गिफेन वस्तूबद्दल (भाव वाढला की जिची मागणीही वाढते) प्रश्न आला की मुलं आयर्लंडचे बटाटे लिहितात. त्यापेक्षा जेन्सन आणि मिलर यांचा २००८ चा निबंध वाचा. चीनच्या हुनान प्रांतातल्या गरीब घरांना त्यांनी तांदळावर सबसिडी दिली आणि तांदळाचा खप उतरलेला पाहिला. स्लट्स्कीच्या सूत्रातलं दुसरं पद पहिल्यावर मात करू शकतं, हे तिथं प्रत्यक्ष घरांत दिसतं.

पावणी

ऑक्शन थिअरी, म्हणजे लिलावांचा सिद्धांत, शिकायला सुरुवात करताना गोव्यातल्या मुलाला पुस्तकही उघडावं लागत नाही असं मला वाटतं. जत्रेनंतर देवाला आलेले नारळ, केळीचे घड, फणस यांची पावणी, म्हणजे लिलाव, आपण लहानपणापासून बघतो. एकजण वस्तू हातात धरून बोली पुकारतो, लोक चढवत जातात, एकवार, दोनवार, तीनवार.

सोपं करून सुरू करा. वस्तू एक. प्रत्येकाला ती किती मोलाची वाटते ते त्याचं त्यालाच ठाऊक, आणि एकाच्या मोलाचा दुसऱ्याच्या मोलाशी संबंध नाही. बोली बंद पाकिटात. सर्वांत मोठी बोली जिंकते, पण पैसे भरायचे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढे. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञानं १९६१ साली दाखवलं की इथं आपलं खरं मोल लिहिणं हीच प्रत्येकाची सर्वांत चांगली चाल, बाकीचे काहीही करोत. हे प्रूफ तुमच्या आयुष्यातलं पहिलं गेम थिअरीचं प्रूफ असू दे, कारण त्याला कॅल्क्युलस लागत नाही.

तुम्हाला वस्तू ५०० ची वाटते. तुम्ही ४५० लिहिलेत आणि इतरांतली मोठी बोली ४७० निघाली, तर वस्तू गेली. ५०० लिहिले असते तर ४७० भरून ३० चा फायदा होता. आता ५५० लिहा. इतरांतली मोठी बोली ५२० निघाली तर तुम्ही जिंकता आणि ५०० च्या वस्तूला ५२० भरता. इतरांची मोठी बोली ४५० च्या खाली असेल किंवा ५५० च्या वर असेल, तर ४५०, ५०० किंवा ५५० यांतलं काहीही लिहा, निकाल तोच. उरलेले उपप्रकार स्वतः लिहा, बरोबरीचेही. प्रूफ म्हणजे शक्यतांची अशी पूर्ण वाटणी, एकही कोपरा न सोडता. उघड्या पावणीत, म्हणजे चढत्या बोलीत, ५०० येईपर्यंत टिकायचं आणि मग गप्प बसायचं, ही त्याचीच सख्खी बहीण: जिंकणारा साधारण दुसऱ्याच्या मोलापाशीच थांबतो.

मग लाल पेन. देवळातल्या पावणीत कुठलं गृहीतक टिकत नाही? माझे काका दर वर्षी एका नारळासाठी बाजारभावाच्या कितीतरी पट बोली देतात. त्यांना नारळ हवा असतो का? पैसे देवाच्या कामाला जातात, आणि गाव बघत असतं. म्हणजे भरलेली रक्कमच त्यांच्या युटिलिटीत शिरली. जास्त भरण्यातही समाधान आहे असं मानलं की वरचं प्रूफ कुठल्या ओळीत तुटतं? 'गप्प बसायचं' हा सल्ला मग ५०० ला लागू पडत नाही, कारण ५०० हे मोल आता भरलेल्या रकमेवर अवलंबून आहे. माझ्या एका विद्यार्थिनीनं यावर दोन पानांचं छोटं मॉडेल केलं. पीएचडीच्या मुलाखतीत तिला पुस्तकातलं फार विचारलंच नाही, सगळे काकांबद्दल विचारत बसले.

दुसरं गृहीतक काढा. आता नारळाऐवजी काजूची बागायत हंगामापुरती घ्यायची आहे. पीक किती येईल ते कोणालाच ठाऊक नाही, पण जे येईल ते घेणाऱ्या कोणालाही तेवढंच मोलाचं. प्रत्येकजण झाडं बघून अंदाज बांधतो. ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, तो जिंकतो. म्हणजे जिंकलात हीच वाईट बातमी: बाकीच्या सगळ्यांना पीक तुमच्यापेक्षा कमी वाटत होतं. याला विनर्स कर्स म्हणतात, आणि १९७१ साली एका तेलकंपनीत काम करणाऱ्या तीन इंजिनिअरांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांवरून ते लिहिलं. शहाणा बोलीदार आपला अंदाज आधीच खाली ओढतो, 'मी जिंकलो तर' असं धरून. आता विचारा, या बागायतीच्या लिलावात विल्यम विक्रीचा, खरं मोल लिहिण्याचा, निकाल टिकतो का? नाही टिकत. का नाही, ते एका परिच्छेदात लिहिता आलं तर ऑक्शन थिअरीचा पहिला महिना तुमचा झाला.

अकरलॉफच्या १९७० च्या 'लेमन्स' निबंधाचंही (गाडी कशी आहे ते विकणाऱ्यालाच ठाऊक, तर बाजाराचं काय होतं?) असंच करा. जुन्या मोटारींऐवजी भाड्यानं फिरवून झालेल्या स्कूटरी घ्या. मालकाच्या लेखी किंमत शून्य ते ४०,००० मध्ये कुठंही, सारख्या शक्यतेनं. घेणाऱ्याला तीच गाडी दीडपट मोलाची. भाव ४०,००० ठेवा: सगळ्या गाड्या विक्रीला येतात, सरासरी २०,०००, घेणारा जास्तीत जास्त ३०,००० देईल. भाव ३०,००० करा: चांगल्या गाड्या मागे फिरतात, सरासरी १५,०००, घेणारा २२,५०० वर. असं करत शून्यापर्यंत. आता दीडपटीच्या जागी दुप्पट घाला आणि बघा काय होतं. दोन हा आकडा कुठून आला ते सापडलं की निबंध वाचायला घ्या, आधी नको.

जनरल इक्विलिब्रियम, थोडक्यात

सगळे बाजार एकाच वेळी कसे जुळतात, त्याचा हा भाग. इथं चित्रावर भर द्या. एजवर्थचा डबा, म्हणजे दोन माणसांतली दोन वस्तूंची वाटणी दाखवणारी आकृती, रोज एकदा काढा, निरनिराळ्या पसंतींसाठी. अ‍ॅरो आणि डेब्रू यांच्या १९५४ च्या, समतोल असतोच असं दाखवणाऱ्या प्रूफात फिक्स्ड पॉइंट नेमका कशाचा, एवढं कळलं तरी पहिल्या वर्षाला पुरे. पहिल्या वेल्फेअर थिअरमचं (बाजाराच्या समतोलात कोणाचं न बिघडवता दुसऱ्याचं भलं करता येत नाही) प्रूफ मात्र वही न बघता लिहिता यायला हवं, अर्ध्या पानाचं आहे. त्यात कॉन्व्हेक्सिटी कुठंच वापरलेली नाही हे लाल पेननं लगेच दिसतं. ती दुसऱ्या थिअरमला लागते. पहिल्याला लोकल नॉनसॅटिएशन लागतं, म्हणजे जवळपास थोडं आणखी आवडणारं काहीतरी नेहमी असतंच हे गृहीतक. ते काढून टाका: ज्याला कशानंच फरक पडत नाही असा एक माणूस डब्यात बसवा. तो आपला वाटा धरून बसेल, भाव जुळतील, आणि तरी त्याचा वाटा दुसऱ्याला दिला असता तर कोणाचंही न बिघडता एकाचं भलं झालं असतं. थिअरम कोसळला.

दुसरं न बोललेलं गृहीतक: प्रत्येक गोष्टीला बाजार आहे. माझं बालपण डिचोली तालुक्यात, खाणीच्या ट्रकांच्या रस्त्यावर गेलं. लाल गाळ शेतात उतरतो त्याला बाजार नव्हता, भाव नव्हता. २०१२ साली सरकारनं खाणी थांबवल्या आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, त्या चर्चेत दोन्ही बाजूंचे लोक 'कार्यक्षमता' हा शब्द वापरत होते. मास-कोलेलमधलं अकरावं प्रकरण, बाजाराबाहेरच्या अशा परिणामांचं, वाचताना त्या चर्चेचं एखादं कात्रण शेजारी ठेवा. कोझचा १९६० चा निबंधही तेव्हाच वाचा, आणि व्यवहाराचा खर्च शून्य हे गृहीतक तो जिथं सोडून देतो तिथं खूण करा. लोक कोझचा पहिला अर्धा भागच सांगत फिरतात.

गट, परीक्षा, नेट

गट तिघांचा चांगला, चौघांचा चालेल. एकानं फळ्यावर प्रूफ मांडायचं, वही न बघता. दुसऱ्याचं काम एकच, दर दोन ओळींनी विचारायचं, 'हे कशावरून?' तिसरा गृहीतक काढून काउंटरएक्झाम्पल शोधतो. पुढच्या रविवारी भूमिका बदलायच्या. चहा खाली उतरून, नाहीतर गप्पा ग्रंथालयातच रंगतात आणि बाजूचे लोक बघायला लागतात.

नेटची, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षेची, तयारी याच्यात मिसळू नका. तिथं चार पर्यायांतून एक ओळखायचा असतो. कोणाचा कुठला सिद्धांत, कुठल्या साली, हे आठवावं लागतं. गाइडं त्यासाठी ठीक. पण गाइड वाचून प्रूफ येत नाही, आणि प्रूफ येऊन सालं आठवत नाहीत. दोन्हींना वेगवेगळे महिने द्या.

परीक्षेत उत्तराची पहिली ओळ गृहीतकांची लिहा: पसंती पूर्ण, ट्रान्झिटिव्ह, सतत, लोकली नॉनसॅटिएटेड, जी लागतात ती सगळी. मग काय सिद्ध करायचं ते एका वाक्यात. मग प्रूफ. मध्येच अडलात तर जागा सोडून लिहा, 'हे पाऊल मानून पुढे', आणि पुढचं पूर्ण करा. पेपर तपासताना मी अशा उत्तराला चांगले मार्क देते, आणि कुठंच न अडता चारी बाजूंनी सूत्रं पेरलेल्या उत्तराला देत नाही. आकृतीवर अक्षांची नावं घाला. कॉर्नर सोल्यूशन, म्हणजे एखादी वस्तू शून्यच घेतली जाते ते उत्तर, तपासलं का, ते पेपर देण्याआधी एकदा बघा. कून-टकरच्या प्रश्नांत सर्वांत जास्त मार्क तिथंच जातात.